शेकडा बारा आणे

अकोल्यात आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे भाड्याचं. जागेच्या मालकानं एक दिवस येऊन सांगितलं, "मले जागा इकाची हाये. महिनाभरात दोन हजार द्या, नाहीतर दुसऱ्याले देतो." माझे यजमान दोन दिवस धड जेवले नाहीत. सगळं गिऱ्हाईक त्या कोपऱ्यावर बांधलेलं. जागा गेली की पोट गेलं.

दोघे जण पैसे द्यायला तयार झाले. ओळखीचा अडत्या महिन्याला शेकडा बारा आणे म्हणाला, अमरावतीचे एक म्हातारे वकील शेकडा एक रुपया. नवे पैसे चलनात आले होते, तरी व्याज अजून आण्यांतच बोललं जाई. यजमानांनी बोटांवर हिशेब केला, महिन्याला पाच रुपये वाचत होते. झालं! अडत्याकडे जाऊन सौद्याचं पान खाऊन आले. आमच्याकडे ते पान खाल्लं की माणूस मागे फिरत नाही.

मी चौथी पास. म्हटलं, "कागद तरी दाखवा." तर वैतागले, "आपल्या मानसावर इस्वास नाही काय तुले?" पण खर्डा आणला. मी एकेक अक्षर लावत वाचला आणि डोकंच फिरलं. दुकानाची खरेदी अडत्याच्या नावानं होती! दोन वर्षांत सगळे पैसे फेडले तर तो ते आमच्या नावावर करून देणार, एक दिवस उशीर झाला तर दुकान त्याचं. मग वकिलांचा कागदही मागवून वाचला. त्यात दुकान आमचंच, त्यांच्याकडे नुसतं गहाण, मुदत सात वर्षांची. जो तो विचारतो, शेकडा किती? कागद कोणता, हे कुणी विचारतच नाही.

"पण पान खाल्लं ना मी," म्हणत यजमान कपाळाला हात लावून बसले.

मी चपला घातल्या नि तडक अडत्याची गादी गाठली. चार व्यापारी बसले होते. खर्डा समोर ठेवला आणि म्हटलं, "पान माह्या नवऱ्यानं खाल्लं, म्या नाही." व्यापारी खो खो हसले. अडत्यानं खर्डा उचलून परत घेतला, सौदा मोडला.

पुढच्याच आठवड्यात वकिलांच्या पैशांनी खरेदी झाली. रजिस्टर कचेरीत कारकुनानं विचारलं, "कोणाच्या नावानं लिहू?" यजमान माझ्याआधी बोलले, "हिच्या. कागद वाचाले हिलेच येते."

मी आधी सगळा कागद वाचला, मग सही केली.