मरोळच्या वहीतली टिक

घाटावरच्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीनं निघालो, तेव्हा पिशवीत दोन सदरे, बायकोनं दिलेल्या दशम्या आणि कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातला कारकून. लहान मुलांना कोणती लस किती जणांना टोचली, त्याच्या बेरजा करतो. मुंबईच्या उपनगरांत लसीकरणाची पाहणी होती. तिथल्यांनी आपलंच काम तपासू नये म्हणून आम्हा बाहेरच्यांना बोलावलं होतं. फुकटात मुंबई बघायला मिळणार म्हणून मी खुशीत होतो, खोटं कशाला बोलू!

माळशेज उतरून, कल्याण-ठाणं करत दुपारी मुलुंडच्या नाक्यावर उतरलो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कारखाने, आणि हवेला दवाखान्यात येतो तसा वास. मुक्काम आतेभावाकडे होता. माझे फॉर्म बघून तो म्हणाला, "अरे, मुंबईत येऊन झोपडपट्टीत दारं ठोठावणार? वाट लागली यार तुझी!" वहिनींनी सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी वाढली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी बुधवार. बसनं पवईच्या तलावाकडेनं मरोळला गेलो. तलावावर जलपर्णीची हिरवी साय धरली होती. मरोळला कारखान्यांच्या मागे, जुन्या खाणीच्या उतारावर माझ्या वाट्याची वस्ती होती. तिथे मंडळाच्या खोलीत दर बुधवारी कांबळे सिस्टर लस टोचत. पन्नाशीच्या बाई, खांद्याला बर्फाची पेटी. "चहा घेतल्याशिवाय फिरू नका, साहेब. इथे चढ फार आहे," म्हणाल्या.

आमच्या पाहणीची एक रीत होती. वस्तीच्या मधोमध उभं राहून जमिनीवर पेन फिरवायचं, टोक जिकडे वळेल तिकडच्या पहिल्या दारापासून सुरुवात. त्यात कुणाला लबाडी करता येत नाही. माझं पेन एका निळ्या दाराकडे वळलं.

दारात पंचविशीची एक बाई उभी होती, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. तिचं नाव शेवंती, मूळची मालवणकडची. मी छापील प्रश्न विचारला, "घरात एक ते दोन वर्षांचं मूल आहे?"

"माझो झील (मुलगा) होतो, सायबानू. गेल्या शिमग्यात गोवरानं गेलो."

आमच्या फॉर्मवर जिवंत मुलांचीच नोंद होती. मी 'पात्र बालक नाही' असं लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळलो. आज हे सांगताना लाज वाटते.

"काय लिवल्यात?" तिनं विचारलं.

आतून तिची सासू ओरडली, "लिवा, हिनाच मारल्यान त्याका! मी नको म्हणत होतंय, तरी चोरून टोचून आणल्यान. त्या सुयेनाच गोवर भायर काढल्यान!"

"टोचूकच नाय हो त्याका!" शेवंतीचा आवाज फुटला. "तीन बुधवार नेलंय. तिनय येळा 'पोरां कमी आसत, फुडल्या बुधवारी ये' म्हणान परत धाडल्यानी."

तिच्या सांगण्यावरून कळलं, मुलगा गेल्यावर तिथल्या आरोग्य कार्यालयातून कुणी चौकशीला आला होता. त्यानं सिस्टरांची लसीकरणाची वही बघून 'याला टोचलेलं आहे' असं सासूसमोरच सांगितलं होतं. तेव्हापासून घरात शेवंतीचं ऐकणारं कुणी नव्हतं. कडेवरच्या मुलीला तर सासू सुईच्या आसपासही फिरकू देत नव्हती.

खरं सांगायचं तर मला वाटलं, बाई खोटं बोलते. वही कशाला खोटं बोलेल? दुपारी मंडळाच्या खोलीवर जाऊन मी वही उघडली. मुलाच्या नावापुढे, गोवराच्या रकान्यात, निळ्या शाईची स्वच्छ टिक होती.

सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "टिक मी नाव पुकारतानाच करते, साहेब. पोरं रडायला लागली की हात कुठे रिकामा असतो? गोवराची बाटली एकदा फोडली की त्याच दिवशी संपवायची, उरली की फेकायची. चार-दोन पोरांसाठी फोडली की वरून मेमो येतो, वाया का घालवली म्हणून. मग परत पाठवते."

"आणि टिक खोडत नाही?"

"पुढच्या बुधवारी येणारच असतं ना पोर!" मग हळूच म्हणाल्या, "शेवंतीचा चौथ्या बुधवारी आलाच नाही."

मला त्यांचा संताप आला. अशाच टिकांच्या बेरजा करून मी पगार घेतो हे आठवलं, तेव्हा तो संताप माझ्याच अंगावर आला.

सिस्टर उठल्या. वही काखेत, पेटी खांद्याला; मी मागोमाग. निळ्या दारासमोर उभं राहून त्यांनी लाल पेनानं टिक खोडली, शेजारी लिहिलं आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "गोवराची लस दिली नाही. आईनं तीनदा आणलं होतं. मी परत पाठवलं." खाली सही केली.

"सिस्टर, नोकरी जाईल," मी पुटपुटलो.

"बघू," त्या म्हणाल्या.

सासू उंबऱ्याशी आली. "म्हणजे टोचूकच नाय त्याका?"

"नाही, आजी."

म्हातारीनं सुनेकडे बघितलं. माफीचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मग पुढे होऊन तिनं शेवंतीच्या कडेवरची नात घेतली आणि सिस्टरांपुढे धरली. "हिका टोच."

त्या एका पोरीसाठी सिस्टरांनी बाटली फोडली. आधी सुई टोचली. पोरगी किंचाळली. मग त्यांनी टिक केली.

मी निघताना शेवंतीनं विचारलं, "आता माझो झील तुमच्या कागदार येतलो?"

मी नाही म्हणालो. माझ्या फॉर्मवर मेलेल्यांना जागा नव्हती, आणि त्याची टिक धरून केलेली बेरीज केव्हाच वर गेली होती. तिनं मान हलवली आणि रडणाऱ्या मुलीला घेऊन आत गेली.

पाहणी संपवून गावी परतलो. "मुंबईहून काय आणलंत?" बायकोनं विचारलं. मी पिशवीतले दोन मळके सदरे काढून दिले. सोमवारी कार्यालयात आमच्याकडच्या नर्सबाई महिन्याचा अहवाल घेऊन आल्या. मी विचारलं, "बाई, तुम्ही टिक कधी करता?"

त्या हसल्या. "हे काय विचारणं झालं, भाऊसाहेब? नाव पुकारताना!"

माझ्या पाठीमागे कपाटात गोवराचा रकाना आल्यापासूनच्या सगळ्या वह्या होत्या. त्यांच्या बेरजा मीच केल्या होत्या. एकही कधी चुकली नव्हती.