ताईनं न खोडलेलं वाक्य

माझ्या बहिणीच्या चुकीनं एकदा भरलेलं विमान जीपवर उतरलं असतं.

उतरलं नाही. म्हणून बातमी झाली नाही.

आज वैशालीताईला जाऊन वर्ष झालं. सकाळी गावी, राजुरीत वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे गेले. आता जरा निवांत बसून लिहितोय.

लोक अजून विचारतात, "तुझी बहीण एअरपोर्टला व्हती ना? पायलट का?"

पायलट नाही. एअर ट्रॅफिक कंट्रोलर. टॉवरमध्ये बसून विमानांना उतरायची आणि उडायची परवानगी देणारी. अवसरीला इंजिनिअरिंग केलं, सरकारी परीक्षा दिली आणि दुसऱ्या राज्यातल्या एका विमानतळावर रुजू झाली.

तिच्या टॉवरमध्ये एका वेळी दोघं जण लागायचे. एकानं रनवे बघायचा, दुसऱ्यानं जमिनीवरच्या गाड्या आणि उभी विमानं.

माणसं रिटायर होत गेली. जागा भरल्या नाहीत. वरून निरोप आला, सध्या आहे त्यात भागवा.

मग दोन्ही कामं एकाच माणसाकडे. ते "सध्या" काही संपलं नाही.

त्या दुपारी रनवेवर एक पक्षी मरून पडला होता. तो उचलायला जीपला आत जायची परवानगी ताईनंच दिली. तेवढ्यात फोन वाजला. एक विमान निघायची घाई करत होतं. आणि दुसरं उतरायला समोर आलं.

तिनं त्याला उतरायची परवानगी दिली.

मग खिडकीतून पाहिलं. जीप अजून आतच.

"गो अराउंड." म्हणजे उतरू नकोस, परत वर जा. विमान जीपच्या डोक्यावरून वर गेलं. आतल्या प्रवाशांना वाटलं असेल, वाऱ्यामुळं झालं.

असं काही झालं की त्या माणसाला लगेच खुर्चीवरून उठवायचं असतं. पण तिला उठवून बसवणार कुणाला? टॉवरमध्ये ती एकटीच.

दुसरा माणूस यायला पाऊण तास लागला. तोवर तेच विमान तिनं पुन्हा फिरवून आणलं, उतरवलं. त्याच्यामागची दोन पण.

मी विचारलं होतं, "हात थरथरत होते का गं?"

"हात नाही रे, आवाज. पायलटला आवाजावरून कळतं. म्हणून दर वेळी बटण दाबायच्या आधी मोठा श्वास घेत होते."

रिपोर्ट तिनं स्वतःच लिहिला. शेवटी दोन वाक्यं होती.

चूक माझी आहे.
दोघांच्या कामावर मी एकटी होते.

साहेब म्हणाले, "मॅडम, दुसरं वाक्य काढून टाका. स्टाफचा विषय वेगळा आहे."

ती म्हणाली, "सर, विषय एकच आहे. काढायचं तर दोन्ही काढा."

दोन्ही राहिली. चौकशीत पहिलं वाक्य धरलं गेलं. दुसऱ्यापुढं "नोंद घेतली" एवढंच आलं.

तिला ड्युटीवरून काढून पुन्हा ट्रेनिंगला घातलं. मधे काही दिवस ती घरी आली. आईला वाटलं, लेक माहेरपणाला आली. रोज काहीतरी गोडाधोडाचं करायची. ताई दोन घास खाऊन उठायची.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ती घरी बसली, म्हणून तिच्या ड्युटीच्या पाळ्या बाकीच्यांवर पडल्या. आधीच माणसं कमी, त्यात आणखी एक कमी. रोज कुणाचा तरी फोन यायचा, "मॅडम, कधी येताय?"

एक दिवस तिनं आबांना सगळं सांगितलं. आमचे आबा कधी विमानात बसले नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मानसं कमी हायेत तर इमानं कमी सोडायची. यवढं कळत न्हाई व्हय त्यान्ला?"

ताई म्हणाली, "आबा, चौकशीत कुणी हे विचारलंच नाही."

त्याच दिवसांत गावातले कापडवाले शेठ घरी आले. जोधपूरला भाचीचं लग्न होतं. म्हणाले, "वैशाली, विमानांबद्दल पेपरात काय काय येतंय. खरं सांग, विमानानं जाऊ का नको?"

मला वाटलं, ही आता नको म्हणणार.

"जा, शेठ. अजूनही गाडीपेक्षा विमान बरं. पण लेट झालं तर काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका. वर टॉवरमध्ये कुणीतरी म्हणालं असेल, माझ्याच्यानं एवढी एकदम होत नाहीत, थोडी थांबवा. असं म्हणणारा माणूस आहे तोवर जा."

"आन् तो नसला तर?"

ताई उठली. आत जाऊन चहा टाकला.

ती परत रुजू झाली. पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा त्याच खुर्चीत बसली. शेजारी एक नवीन पोरगी दिली होती. काही महिन्यांनी त्या पोरीची बदली झाली. ताई परत एकटी.

मागच्या वर्षी सुट्टीला आली होती. सकाळी अंगणात दात घासताना खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मेंदूत रक्तस्राव. नोकरीनं मारलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, आणि पुराव्याशिवाय बोललेलं तिलाही आवडलं नसतं.

पण ती थकली होती, हे मी पाहिलंय.

काल तिच्या टॉवरमधल्या सहकाऱ्याचा फोन आला.

"दादा, यायचं होतं. सुट्टी नाही मिळाली. मॅडमची जागा अजून भरलेली नाही."

"मग तिचं काम कोण करतं?"

"आम्हीच. आहे त्यात."

"जपून राहा" म्हणालो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे मी कुणाला सांगतोय.

ताई, तुझी ड्युटी संपली.

घरातल्या सगळ्यांचा तुला नमस्कार.