बंद न होणारी खिडकी

पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर मी पुण्यापासून दूर, रांझीतल्या आमच्या घरातून सांभाळतो. दिवसभर डोळ्यांसमोर टर्मिनलची, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम टाइप करायची, काळी खिडकी. चुकलेला शब्द खोडायला मी कंट्रोल-डब्ल्यू दाबायचो आणि ही बया चालू कामासकट अख्खी खिडकीच बंद करायची. एकदा वैतागून सेटिंगमध्ये गेलो आणि तो शॉर्टकट काढून टाकला. मग त्याच रागात टॅब बंद करणारा, खिडकी मिटवणारा, काम मध्येच थांबवणारा, सगळेच काढले. तेव्हा फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

खंडेनवमीला आईने पाटावर बाबांचे नट-बोल्ट आवळायचे जुने पाने मांडले. बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेत. "तुझा लॅपटॉपही ठेव," ती म्हणाली. मी म्हटलं, काम चालू आहे, बंद नाही करता येत.

"काहून बे?" बाबा म्हणाले. "आजच्या दिवशी पूजा झाली की आम्ही मशीनला हात नव्हतो लावत. साहेबसुद्धा नाही."

"तुमची शिफ्ट सुटायची, बाबा. माझी सुटत नाही," मी खेकसलो.

आईने वाद घातला नाही. चालू लॅपटॉपच उचलून पाटावर नेला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ सरळ कीबोर्डवर ठेवला. मी हात जोडून बघत राहिलो. वाटलं, कुठली तरी कळ दाबली जाईल, खिडकी मिटेल, मी सुटेन. नारळाच्या वजनाने स्क्रीनवर एकच अक्षर उमटत राहिलं. बंद काही झालं नाही.