वर्ध्याचा घाम

लेथखाली रोज संध्याकाळी झाडलं तरी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात लोखंडाचा कीस सापडतोच. आमच्या वर्कशॉपच्या किश्श्यांचं तसंच आहे. जुने चार लोक भेटले की एकेक निघत जातो, हसून हसून पोट दुखतं, आणि मग मध्येच मी गप्प होतो. "काऊन जी, काय झालं?" असं लोक विचारतात. मी म्हणतो, ॲसिडिटी! ती ॲसिडिटी कसली, ते आज सांगून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याबाहेर, सेलूच्या रस्त्याला आमचं टिनाचं शेड. मूळ धंदा कापसाच्या जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायचा. तेवढ्यात मुंबईच्या एका सरकारी अणुप्रयोगशाळेनं ठरवलं की परदेशातून येणारे बारीक पार्ट आता आपल्याकडच्याच छोट्या कारखान्यांकडून करून घ्यायचे. आमच्या मालकांनी, म्हणजे दादासाहेबांनी, अर्ज टाकला आणि काम चक्क मिळालं! स्टेनलेस स्टीलची, बोटाच्या पेराएवढी बुचं. अणुभट्टीच्या प्रयोगातल्या नळ्यांची तोंडं बंद करायला लागतात, एवढंच आम्हाला कळलं होतं.

बुचं करायचे नामदेवराव टर्नर. सातवी पास, तीस वर्षं लेथवर. तपासायचो मी, डिप्लोमाहोल्डर इन्स्पेक्टर. माझ्या सहीशिवाय एक बूच शेडबाहेर जात नसे, आणि त्या सहीचा मला भयंकर माज होता.

*

त्याच वर्षी मुलगी पाहायला पुलगावला गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय काम करता जी?"

मी छाती फुगवून म्हटलं, "ॲटॉमिक!"

"म्हंजे नेमकं काय?"

"सीक्रेट आहे. सांगता येत नाही."

खरं म्हणजे मलाच काही माहीत नव्हतं! चहा झाल्यावर त्या गृहस्थांनी माझ्या बाबांना अंगणात नेलं. मला सगळं ऐकू येत होतं. "बाकी ठीक आहे जी, पोरगा चांगला आहे. पन असल्या कामानं याले लेकरं होतीन ना?"

बाबा म्हणाले, "अहो, बुचं तपासते तो! बाटलीले लावतेत तशे!"

लग्न जमलं ते बुचांवर. बायको अजूनही पाहुण्यांसमोर माझी ओळख "आमचे ॲटॉमिकवाले" अशी करून देते आणि तोंडाला पदर लावते.

*

पहिलं ड्रॉइंग आलं तेव्हा नामदेवरावांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. एक शतांश मिलिमीटर इकडेतिकडे चालणार नाही, असं लिहिलेलं.

"म्हंजे केवढं जी?"

दादासाहेब म्हणाले, "केसापेक्षाही बारीक."

"कोनाच्या केसापेक्षा?"

झालं! मायक्रोमीटर निघाला. नामदेवरावांनी स्वतःचा केस मोजला, माझा मोजला, मग दादासाहेबांच्या डोक्याकडे पाहून म्हणाले, "मालक, तुमचा राहू द्या. नुकसान होईन." अख्खं शेड हसलं. दादासाहेबांना होते तरी किती!

पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पहिलं बूच निघालं, आणि ते तंतोतंत होतं. मी तीनदा मोजलं. चूक सापडली नाही म्हणून मला जरा वाईटच वाटलं, हे कबूल करतो.

*

मे महिन्यात आमचं शेड म्हणजे तवा. लेथवरून उतरलेलं बूच मी लगेच मोजायला घेतलं.

"इन्स्पेक्टरभाऊ, थंडं होऊ द्या. गरम लोखंड फुगलेलं असते," नामदेवराव म्हणाले.

"डिप्लोमा कोणाकडे आहे, नामदेवराव?" मी म्हटलं. मोजलं, पास! सही! अख्खा लॉट तसाच गरमागरम पास केला.

मुंबईला थंड खोलीत मोजलं तर सगळी बुचं बारीक! लॉट परत आला. दादासाहेब लाल झाले. "काऊन झालं असं?"

मी बेधडक म्हटलं, "मायक्रोमीटर जुना आहे." नामदेवराव शेजारीच उभे होते. ते चिंधीनं हात पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक माठ आणून माझ्या टेबलाखाली ठेवला आणि म्हणाले, "बुचं घडीभर याच्यापाशी ठेवत जा जी. मंग मोजा." दादासाहेबांनी नवा मायक्रोमीटर घेतला. माझी अक्कल जुनीच राहिली!

*

पावसाळ्यात प्रयोगशाळेच्या एक शास्त्रज्ञ मॅडम आल्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "या स्टीलचा शत्रू मीठ. धुतलेल्या बुचाला उघडा हात लावायचा नाही. घामातलं मीठ लागलं की डाग पडतो, आणि डागातून पुढे तडा जातो."

नामदेवरावांची सवय अशी की काम झालं की अंगठा फिरवून पाहायचं. ते म्हणाले, "न्हाऊ घातलेल्या लेकराले बाप हात नाई लावत का जी?"

मॅडम हसल्या, पण म्हणाल्या, "या लेकराला नाही लावायचा."

तेव्हापासून नामदेवराव पेटीजवळ आले की दोन्ही हात मागं बांधून उभे राहायचे. आम्ही चिडवायचो, "मास्तरनं अंगठे धराले नाई सांगितले ना!" पण त्यांनी हात काही सोडले नाहीत.

जाताना मॅडम म्हणाल्या, "हा लॉट पास झाला तर करणाऱ्याला मुंबईला बोलावू. बूच कुठे बसतं ते दाखवू."

नामदेवरावांनी दुसऱ्याच दिवशी शर्टाचं कापड शिवायला टाकलं. मला म्हणाले, "जिनिंगचा शाफ्ट केला तं तो डोयासमोर फिरते. हे कुठं जाते, मालूमच नाई. एक डाव पाहाचं आहे बस." जेवताना, लेथ पुसताना, सायकलला टांग मारताना, त्यांचं हेच चालायचं.

*

लॉट तयार झाला आणि खंडेनवमी आली. मशिनींना हळदकुंकू, झेंडूचे हार. लेथपुढे नारळ फोडला. चोवीस बुचं धुऊन, पेटीत बंद होऊन माझ्या खोलीत होती. किल्ली माझ्याकडे.

मेमधली फजिती मनातून जात नव्हती. हा लॉट परत आला तर माझ्या सहीला कोण विचारणार? त्यात सकाळी आई म्हणाली होती, "तुह्या कामाले बी देवाचं पानी लावजो, बापू." मी नारळाचं पाणी वाटीत घेतलं, खोलीत गेलो, दार लोटलं, पेटी उघडली. हातमोजे घातले. हो, हातमोजे घालून! आणि चोवीसच्या चोवीस बुचांवर ते पाणी शिंपडलं. नमस्कार केला. धुतलेल्या रुमालानं पुसलं आणि पेटी बंद केली.

बाहेर आलो तर दारापाशी नामदेवराव, हात मागं बांधून.

"झालं का जी?"

"झालं," मी म्हटलं. वाटी माझ्या हातातच होती.

*

दीड महिन्यानं पत्र आलं. बुचांवर डाग. डागांत मीठ. उघड्या हातानं हाताळल्याचा संशय.

दादासाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं, पत्र वाचलं आणि सगळ्यांच्या माना नामदेवरावांकडे वळल्या. मला त्या क्षणी प्रसादाच्या वेळी प्यालेल्या नारळाच्या पाण्याच्या घोटाची चव आठवली. गोड, आणि मागून जराशी खारट.

"नामदेवराव, हात लावला का तुमी?"

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर टिनाकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नाही बोललो.

"लावला असन जी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना परत जिनिंगच्या शाफ्टवर बसवलं. बुचांचं काम नव्या टर्नरकडे गेलं. आणि डाग समजून घ्यायला मुंबईला कोण गेलं? मी! शिवलेला शर्ट त्यांच्या घरी खुंटीला.

*

मुंबईला मॅडमनी मायक्रोस्कोपखाली डाग दाखवला. मग म्हणाल्या, "एक गंमत आहे हं. घामात सोडियम जास्त असतं. तुमच्या डागांत पोटॅशियमच फार निघालं. असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. वर्ध्याचा घाम वेगळा असतो का हो?"

खोलीतले सगळे हसले. पोटॅशियम म्हटल्यावर मला वाटीतलं नारळाचं पाणी आठवलं.

"ऊन फार असतं आमच्याकडे," मी म्हटलं. एकानं ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं!

मग जाड काचेपलीकडे बूच बसतं ती जागा मला दाखवली. मॅडमनी विचारलं, "करणारे नाही आले?"

"त्यांची तब्येत बरी नसते," मी म्हटलं. इतका निर्लज्ज मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नाही.

परत आलो तर नामदेवरावांनी लेथ बंद केला. "पाह्यलं का जी?"

"पाह्यलं."

"घट बसते?"

"घट बसते."

"बस मंग," म्हणाले आणि लेथ सुरू केला. मला तिथं उभं राहवेना.

*

पुढची खंडेनवमी. नव्या लॉटची पेटी माझ्या खोलीत होती. सगळ्यांत जुने म्हणून नारळ फोडायचा मान नामदेवरावांचा. अंगात तोच मुंबईसाठी शिवलेला शर्ट, घडीच्या खुणा तशाच. त्यांनी एका फटक्यात नारळ फोडला, पाणी वाटीत धरलं. मी घोटभर तीर्थासाठी वाटीकडे हात पुढे केला.

त्यांनी माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाटी तोंडाला लावली आणि सगळं पाणी गटागट पिऊन टाकलं.

"अरे नामदेवराव, तीर्थ आहे ते, सगळ्यायले द्या ना!" दादासाहेब ओरडले.

नामदेवरावांनी नव्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "तुमी खोबरं खा, इन्स्पेक्टरभाऊ. पानी दरसाल मी पेत जाईन."