बाई उत्तर देत नसत

बाई गेल्या तो मंगळवार होता. मी भाईंदरच्या गोडदेवला त्यांच्या खोलीवर गेलो, तर कुलूप. खालचा झेरॉक्सवाला म्हणाला, "मॅडम नहीं रहीं, भाई. सुबह अटॅक आया. कल डोंगरी के चर्च में है सब."

बाई मानसोपचार करायच्या. गोळ्या देत नसत, सल्लाही नाही. "मी काय करू?" असं विचारलं की गप्प राहायच्या, मग म्हणायच्या, "हे विचारताना आत काय होतंय?" सुरुवातीला मी जिना उतरताना ठरवायचो, आता पुन्हा यायचं नाही.

मी त्यांच्याकडे गेलो होतो ते नेटवरच्या मैत्रीच्या साइटपायी. मित्रांच्या पानांवर काहीबाही लिहायचो आणि उत्तर आलं का ते पाहायला कामावरून उठून सायबर कॅफेत जायचो. उत्तर नसलं की घास उतरत नसे. नोकरी जायची वेळ आली होती.

एकदा बाई म्हणाल्या, "ते पान बघता ना, तसंच माझ्या तोंडाकडे बघताय. अशी वाट आधी कुणाची पाहिलीत?"

लहानपणी आई-बाबा भाईंदरला कारखान्यात, मी रत्नागिरीकडे काकूपाशी. एसटी यायची वेळ झाली की फाट्यावर जाऊन उभा राहायचो.

"कोण उतरायचं?"

"बहुतेक वेळा कुणी नाही."

बाईंनी समजूत घातली नाही. नुसत्या बसून राहिल्या. तेवढं कुणी माझ्याजवळ बसलं नव्हतं.

त्यांनाही मी साइटवर मैत्रीसाठी विचारलं होतं. त्या हसल्या. हसताना डोंगरीची, त्यांच्या गावची बोली निसटायची, 'तुम्ही'सुद्धा निसटायचं. "तिथं न्हाय रे. इथं ये नि माझ्यावर काय चिडायचं ते चीड."

चिडायला मी नुकता शिकत होतो. कॅफेच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. "अजून बरंच बाकी हाय," त्या म्हणायच्या.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. बाहेर त्यांच्या बहिणीने विचारलं, "तुमी कोन तिचे?" बाईंना माझं सगळं माहीत होतं, मला त्यांना बहीण आहे हेही माहीत नव्हतं.

"ओळखीचा," मी म्हणालो.

कॅफेत मी अजून जातो. आपण कुणाची वाट पाहतोय ते आता कळतं. तरी उठून येता येत नाही.