पिवळी रांग

आमच्या लॅबमध्ये प्लेट धुण्याचं मशीन बसवायला आलेला माणूस मला म्हणाला होता, "मॅडम, आता फक्त बटण दाबायचं आणि चहा प्यायचा." तो चहा मी अजून प्यायलेले नाही. मशीन चालू असेपर्यंत दूध तापत ठेवल्यासारखी मी त्याच्यासमोर उभी असते. बाकीचे हसतात. हसू देत.

खरं तर ते मशीन प्लेट धूत नाही, विसळतं. प्लेटमध्ये ओळीनं इवल्याशा वाट्या असतात आणि एकेका वाटीत एकेका माणसाच्या रक्ताचा नमुना. त्यात रोगाचा अंश असला तर तो वाटीला घट्ट धरून बसतो, बाकीचं सगळं विसळताना निघून जातं. शेवटी रंगाचं औषध घातलं की ज्या वाटीत काही राहिलं ती पिवळी होते. मात्र विसळणं नीट झालं नाही, तर धडधाकट माणसाची वाटीही पिवळी होते. म्हणून मी हलत नाही.

मागच्या हिवाळ्यात पेठ तालुक्याकडची एक मुलगी आली होती. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले, सोबत तिची आई. बाळंतपणाआधी बी प्रकारच्या काविळीची तपासणी करतात, तीच होती. त्या दिवशी प्लेट हातात घेतली तर मधली एक रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी. त्या मुलीची वाटी त्याच रांगेत.

रोग काही असा रांग लावून येत नाही. मी मशीन उघडलं. सुट्टीत आतलं खारट पाणी सुकून एक नळी बुजली होती, त्यामुळे ती रांग विसळलीच गेली नव्हती. मला चक्क आनंद झाला. बारीक तार घालून मी नळी मोकळी केली आणि सगळ्या धारा सारख्या पडेपर्यंत साधं पाणी सोडलं.

तेवढ्यात तिची आई खिडकीशी आली. "लय येळ लागंल का, मॅडम?"

"मशीन बिघडलं होतं मावशी, परत तपासते," मी म्हणाले. मशीनला नावं ठेवताना मला जरा बरंच वाटत होतं.

सगळी रांग पुन्हा लावली. मुलीचा नमुना मुद्दाम वेगळ्या रांगेत घातला, तोही दोन वाट्यांमध्ये. या वेळी सगळ्या वाट्या स्वच्छ निघाल्या, त्या दोन सोडून. मी मशीन पुन्हा उघडून पाहिलं. नळ्या मोकळ्या होत्या.

डॉक्टरांनी मायलेकींना आत बोलावून नीट समजावलं. बाळ जन्मल्या जन्मल्या इंजेक्शनं दिली की त्याला बहुतेक वेळा लागण होत नाही, वेळेवर कळलं हे चांगलंच झालं. हे सगळं मलाही माहीत होतं, तरी मी जाऊन त्या दोन पिवळ्या वाट्या पुन्हा एकदा पाहिल्या.

थोड्या वेळानं मुलगी एकटीच खिडकीशी आली.

"मॅडम, तुमचं मशीन बिघडलं व्हतं ना?"

"हो, सकाळी बिघडलं होतं."

"आन् आता?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीही सांगितलं असतं तर तिनं ते खरं मानलं असतं.

"आता चांगलं आहे, बाळा," मी म्हणाले.