एका अक्षराची प्रार्थना

बेळगाव सोडले तेव्हा खडेबाजारातली निम्मी दुकाने बंद होती. मानमोडीच्या तापाने शहराचे कंबरडे मोडले होते. माझी बायको सलोमी त्याच तापात गेली. तिला माती दिल्यापासून मला प्रार्थना करता येत नव्हती. ओठ हलत, आत काही हलत नसे. असा ख्रिस्ती उपदेशक काय कामाचा? निपाणीजवळच्या एका खेड्यात रविवारची उपासना चालवायची आणि परतल्यावर पाळकसाहेबांना सांगून काम सोडायचे, असे ठरवूनच मी गाडीत बसलो.

बैलगाडी जिनाप्पा नावाच्या जैन शेतकऱ्याची, निपाणीकडे रिकामी परतणारी. माणूस बोलका, उपदेशकाला ‘मास्तर’ म्हणणारा. मला मात्र बोलायचाच कंटाळा. दुसऱ्या दिवशी संकेश्वर मागे पडले तशी त्याने ऊन असतानाच बैल सोडले आणि दही-भाकरी, शेंगांची चटणी पुढे केली.

“जेवून घ्या, मास्तर. दिस बुडल्यावर आमच्यात तोंडात काय घालत न्हाईत.”

तवंदीच्या घाटात चाकाची लोखंडी धाव निसटली. दगडाने ठोकून ठोकून जिनाप्पा घामाघूम झाला.

“देवाचं नाव तरी घ्या की! तुमचं कामच हाय ते.”

“तुम्हीच घ्या, अण्णा. माझं तो ऐकत नाही.”

तो खो खो हसला. मी विनोद केला नव्हता. धाव कशीबशी बसली आणि गाडी कुरकुरत घाट उतरली.

निपाणीत तंबाखूच्या वखारींवरून जाताना शिंकांनी जीव नकोसा झाला. पुढे खेड्यापर्यंत चालत गेलो. तिथले आमचे ख्रिस्ती देऊळ म्हणजे कौलारू खोली. तिची किल्ली मार्थाक्कांकडे असे. त्यांचे माहेर चिकोडीकडचे, कानडी. सासर इथले, मराठी. त्यांचे दोन्ही मुलगे मानमोडीत गेले होते, हे मला त्यांच्या शेजारणीने सांगितले.

रविवारी जेमतेम ओळभर माणसे जमली. मी उभा राहिलो, “हे आमच्या स्वर्गातील...” म्हणालो, आणि तिथेच अडलो. जन्मभर म्हटलेली प्रार्थना, पण पुढचा शब्द येईना. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या मार्थाक्का हळूच म्हणाल्या, “बा... बा...”

“...बापा,” मी शब्द पकडला आणि माणसांनी प्रार्थना पुढे नेली.

उपासना संपल्यावर मी त्यांना म्हणालो, “आक्का, अडलेला शब्द सांगितलात. उपकार झाले.”

“मी कशाला शब्द सांगू?” त्या चकित झाल्या. “मी माझी प्रार्थना म्हणत हुते. पोरं गेल्यापास्नं लांबलचक जमत न्हाय. बा म्हंते आन् गप बसते.”

“बा म्हणजे बापच ना?”

“तुमच्या मराठीत बाप. आमच्या कानडीत ‘ये’.”

“मग तुम्ही देवाला नक्की काय म्हणता?”

“जो बा हाय, त्येलाच ‘बा’ म्हंते. त्यात इचारायचं काय?”

मला राहवले नाही. “आणि येतो का तो?”

त्यांनी किल्ली पदराच्या गाठीत बांधली. “कवा वाटतं आला. कवा न्हाय वाटत. पर हाक मारायची सोडली तर मला कोण हाय, मास्तर?”

मला रडू फुटले. सलोमी गेल्यापासून पहिल्यांदा, तेही परक्या गावात, एका म्हातारीसमोर. त्यांनी मला उगी केले नाही, आणि ते बरेच झाले.

परतीची वाट जातानाइतकीच लांब होती आणि प्रवासाने अंग मोडून आले होते. बेळगावात शिरताना पाळकसाहेबांच्या बंगल्याचे फाटक लागले. मी थांबलो नाही. घराचे कुलूप काढले. चूल गार होती, सलोमीचे लुगडे दोरीवर तसेच होते. दुःख जागचे हललेले नव्हते. दार लावायला हात पुढे केला, मग ते उघडेच ठेवून उंबऱ्यावर बसलो आणि म्हणालो, “बा.”

पुढे काही सुचेना. म्हणून पुन्हा तेच म्हणालो.